खानदेशचा काळा कातळ आणि त्याचे वाटेकरी

खानदेशाचे नाव निघाले की तापीकाठची काळीभोर सपाट जमीन, रावेर-यावलच्या केळीच्या बागा, कापसाने पांढरी झालेली शेते आणि वैशाखातील जीवघेणे ऊन एवढेच सामान्यतः माणसांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. या प्रांताच्या दक्षिण सीमेवर सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगररांगेची एक सलग काळी भिंत उभी आहे, आणि त्या भिंतीत पृथ्वीच्या इतिहासातील एका प्रचंड उलथापालथीचे दप्तर उघडे पडलेले आहे, याची जाणीव मात्र क्वचितच होते. चाळीसगावाहून नैर्ऋत्येस पाटण्याच्या रोखाने निघावे, म्हणजे अवघ्या अठरा किलोमीटरांच्या वाटेवर ही भिंत हळूहळू जवळ येऊ लागते, आणि चंडिकेच्या म्हणजेच पाटणादेवीच्या हेमाडपंती देवळापाशी पोहोचेपर्यंत तिने आपल्याला तिन्ही अंगांनी वेढलेले असते. कण्हेरगडाचा माथा, पितळखोऱ्याकडून खाली उतरणारी दरी, केदारकुंड आणि धवलतीर्थ हे पावसाळ्यात गर्जणारे धबधबे, आणि या सर्वांना आधार देणारे काळ्या कातळाचे उंचच उंच कडे असा हा परिसर आहे.

प्रस्तरारोहण, म्हणजे दोर आणि हातपाय यांच्या आधारे उभा कातळ चढून जाण्याची विद्या, आपल्याकडे फार काळपर्यंत मुंबई-पुण्याच्या मोजक्या मंडळांपुरती मर्यादित होती. मुंबईच्या ‘गिरिविहार’ संस्थेची स्थापना १९५४ सालची. तिच्या आणि तिच्यासारख्या इतर मंडळांच्या परिश्रमाने सह्याद्रीतील सुळके आणि कडे एकामागून एक चढले गेले. २०१६ साली याच संस्थेच्या पुढाकाराने नवी मुंबईत या क्रीडेच्या विश्वचषक मालिकेतील स्पर्धा भरली, आणि २०२१ साली पार पडलेल्या टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये या क्रीडेला प्रथमच स्थान मिळाले. आता जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांतील तरुण-तरुणींनाही हा छंद खुणावू लागला असेल, तर त्यांची नजर घराजवळच्या या कड्यांकडे वळणे अगदी स्वाभाविक आहे. तेव्हा या कातळाचा स्वभाव काय, त्यावर कोणाकोणाचा हक्क आहे, आणि या दोहोंचा मेळ घालून चढावयाचे तर कोठे व केव्हा चढावे, याचा विचार वेळीच झालेला बरा.

प्रथम कातळाची ओळख करून घेऊ. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पश्चिम भारताच्या भूकवचाला लांबच लांब भेगा पडून त्यांतून शिलारस बाहेर पडू लागला. ज्वालामुखी म्हटले की शंकूच्या आकाराचा आणि शिखरातून धूर ओकणारा पर्वत आपल्याला आठवतो. दख्खनेत घडले ते बहुतांशी याहून निराळे होते. अकराशे-बाराशे अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला पातळ रस भेगांतून वर येई, शेकडो चौरस किलोमीटरांवर पसरे, तेथेच थिजे, आणि काही काळाने त्याच्यावर दुसरा थर येऊन विसावे. असे थरांवर थर साचून आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरांचा प्रदेश त्यांच्याखाली झाकलेला असून, सह्याद्रीत त्यांची एकत्रित जाडी दोन किलोमीटरांहून अधिक भरते. या अग्निजन्य खडकाला शास्त्रज्ञ बेसाल्ट म्हणतात आणि आपला पाथरवट काळवथरी म्हणून ओळखतो.

एकाच थराची घडण मात्र तळापासून माथ्यापर्यंत सारखी नसते, आणि आरोहकाच्या दृष्टीने सारे मर्म येथेच आहे. थराचा मधला भाग सावकाश निवतो, म्हणून तो भरीव आणि कठीण होतो. निवताना आकसल्यामुळे त्याला उभ्या भेगा पडतात, आणि अनुकूल परिस्थितीत या भेगा एकमेकींना अशा कोनांत मिळतात की त्यांतून पाच-सहा बाजूंचे सरळ स्तंभ तयार होतात. थराच्या माथ्याकडील भागात वर निसटू पाहणारे वायूचे बुडबुडे अडकून राहतात, आणि तो सच्छिद्र होतो. पुढे लक्षावधी वर्षे झिरपणाऱ्या पाण्याने या पोकळ्या झिओलाइट, गारगोटी, अकीक अशा खनिजांनी भरून काढल्या. पांढऱ्या ठिपक्यांच्या या खडकाला खाणीवरची माणसे मांजऱ्या म्हणतात. शिवाय दोन थरांच्या सांध्यावर पुष्कळदा तांबड्या, भुसभुशीत मातीचा पट्टा आढळतो. भरीव भाग ऊनपावसाला दाद देत नाही. तो उभ्या भेगांवरून तुटत तुटत सरळ कड्याच्या रूपाने उभा राहतो. मांजऱ्या आणि तांबडा पट्टा झिजून मागे सरतो, आणि तेथे गवताचा अरुंद ओटा तयार होतो. महाराष्ट्रातील डोंगर दुरून पाहणाऱ्याला पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते यामुळेच. आणि गडकोट बांधणाऱ्यांनी खालच्या ओट्यावर माची व वरच्या कड्यावर बालेकिल्ला रचला, तोही निसर्गाने आधीच करून ठेवलेला हा बंदोबस्त ओळखूनच.

आता हाच कडा हातभर अंतरावरून पाहू. भरीव भागातील उभी भेग कोठे बोटाएवढी, कोठे मुठीएवढी, तर कोठे सबंध शरीर आत शिरेल एवढी रुंद असते. बोटे आत सरकवून किंचित पिळली की ती पकडीत बसतात. मूठ आत नेऊन वळवली की तिचीच मेख होते. आणि पाठ एका भिंतीला व पाय दुसऱ्या भिंतीला टेकवून मोठ्या घळीतून वर सरकता येते. काळ्या खडकाचा पृष्ठभाग बारीक कणांचा, कोरडा असताना बुटाच्या रबराला चांगला धरणारा, पण शेवाळाच्या पापुद्र्यावर पाणी फिरताच साबणासारखा निसरडा होणारा आहे. ओट्याच्या जवळ येताच रंग बदलतो. मांजऱ्यातील पांढरा गोटा भिंतीतून अर्धा बाहेर आलेला असतो. बोटांना तो मोठा सोयीचा आधार वाटतो, कारण तो गोल आणि गुळगुळीत असून तळहातात नीट मावतो. परंतु हा गोटा आपल्या खोबणीत केवळ बसलेला असतो, भोवतालच्या खडकाशी एकजीव झालेला नसतो. भोवतालचा खडक कुजला की शरीराचा भार पडताक्षणी तो खोबणीसकट निखळून हाती येतो. म्हणून जाणता आरोहक प्रत्येक आधारावर भार टाकण्यापूर्वी मुठीने वा हातोडीने ठोकून पाहतो. खणखणीत नाद आला तर दगड मागच्या कातळाशी जोडलेला आहे. बद्द आवाज आला तर मागे फट आहे, आणि तो दगड कितीही मोठा असला तरी विश्वासास पात्र नाही. पाथरवट चिरा पारखतो तोही याच नादावरून. आणि ओट्यावरचे गवत? त्याला धरून वर येण्याचा मोह अनेकांना होतो, आणि तो अनेकदा घातक ठरतो. कारण त्या गवताच्या मुळांखाली वीतभर माती आणि मातीखाली निसटता मुरूम असतो.

या परीक्षेचे महत्त्व पटवून घ्यावयाचे असेल तर पाटणादेवीहून वर चढणाऱ्या वाटेने पितळखोऱ्यास जावे. ही लेणी आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यात गणली जातात. पण डोंगर एकच, आणि त्याच्या एका अंगाला खानदेश व दुसऱ्या अंगाला मराठवाडा एवढाच फरक. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात येथे कोरीवकामास आरंभ झाला. शिल्पकार असामान्य योग्यतेचे होते. येथे सापडलेली, हातावर कान्हदास नावाच्या सुवर्णकाराचा लेख वागवणारी यक्षाची मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तरीही पितळखोऱ्याची लेणी अजिंठ्याच्या मानाने फार उद्ध्वस्त झाली आहेत: चैत्यगृहाचा दर्शनी भाग कोसळला आहे, विहारांची छते ढासळली आहेत. येथील कातळ ठिसूळ, भेगाळ आणि पाणी झिरपू देणारा निघाला. प्राचीन कारागिरांना हे ठाऊक नव्हते असे नाही. भारतीय पुरातत्त्व खात्याचे म. न. देशपांडे यांनी १९५० नंतरच्या दशकात या लेण्यांचा जो अभ्यास केला, त्यात डोंगरातून झिरपणारे पाणी बाहेर काढून देण्यासाठी खडकात खोदलेल्या उतरत्या नाळींची नोंद आहे. एवढे करूनही पाण्याने आपले काम केलेच. ज्या कातळाने आयुष्यभर छिन्नी चालवणाऱ्या माणसांचे अंदाज चुकवले, त्यावर दोन दिवसांच्या शिबिरात शिकलेल्या विद्येच्या जोरावर निःशंकपणे भार टाकणे शहाणपणाचे नव्हे.

धुळे जिल्ह्यात कातळाचे आणखी एक रूप भेटते, आणि माझ्या मते खानदेशातील प्रस्तरारोहणाचे भवितव्य त्याच्याशी निगडित आहे. ज्या भेगांतून शिलारस वर आला त्यांतील कित्येक भेगा शेवटी त्याच रसाने भरून थिजल्या, आणि जुन्या थरांना छेदून उभ्या भिंती तयार झाल्या. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. मराठीत भित्ती हा शब्द रूढ आहे. भोवतालचा मऊ खडक झिजून गेला की या भित्ती जमिनीतून डोके वर काढतात, आणि मैलोन्‌मैल सरळ रेषेत धावणाऱ्या डोंगरधारेचे रूप घेतात. नंदुरबार-धुळे पट्ट्यात अशा भित्तींचा एक मोठा समूहच आहे. शास्त्रज्ञांनी त्यांतील दोनशेहून अधिक भित्तींचे मोजमाप केले असून, साक्रीपासून धुळ्यावरून पारोळ्याकडे जाणारी भित्ती सुमारे ७९ किलोमीटर लांबीची आहे. मुंबई-आग्रा रस्त्याने धुळ्याच्या परिसरातून जाणाऱ्या प्रवाशाला क्षितिजावर तटबंदीसारख्या सरळ टेकड्या दिसतात, त्यांचा उगम येथे आहे. भित्तीच्या घडणीतील एक गोष्ट तर डोळ्यांना मोठा आनंद देणारी आहे. स्तंभ नेहमी निवणाऱ्या पृष्ठाशी काटकोन करून वाढतात. आडव्या थरात निवणारे पृष्ठ वर आणि खाली असते, म्हणून स्तंभ उभे राहतात. भित्तीत मात्र उष्णता दोन्ही बाजूंच्या खडकांत जाते, म्हणून स्तंभ आडवे पडतात, आणि नीट रचून ठेवलेल्या सरपणाच्या राशीप्रमाणे त्यांची टोके एकावर एक दिसतात. आरोहकाला या टोकांमुळे आधार भरपूर मिळतो. शिवाय भित्तीचा खडक पुष्कळ ठिकाणी घट्ट आणि बारीक कणांचा असतो. आणि नेमक्या याच गुणामुळे खडी पाडणाऱ्यांचीही त्याच्यावर नजर असते.

आता आरोहणाच्या रीतीविषयी थोडे. पहिला आरोहक कमरेच्या पट्ट्याला दोर बांधून वर निघतो, आणि खाली उभा असलेला सोबती तो दोर हातातून हळूहळू सोडत त्याचा सांभाळ करतो. याला मंडळांतून बिले देणे म्हणतात. काही अंतरावर पहिला आरोहक कातळात एक आधार बसवतो आणि कॅराबिनरने, म्हणजे झडपेच्या कडीने, दोर त्यात अडकवतो. त्यापुढे तो जितका वर गेला असेल त्याच्या दुपटीपेक्षा थोडा अधिक, एवढा तो हात सुटल्यास खाली येतो. पूर्वीचे अंबाडीचे दोर अशा झटक्याने तुटत; दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारात आलेला नायलॉनचा दोर ताणला जाऊन झटका गिळतो, आणि या एका सुधारणेने किती प्राण वाचले असतील याची गणतीच नाही. तथापि दोर कितीही उत्तम असला तरी ज्या आधारातून तो ओवला आहे तो आधार, आणि ज्या कातळात तो आधार बसवला आहे तो कातळ, यांच्यापेक्षा अधिक बळकट तो होऊ शकत नाही. आधार दोन प्रकारचे: हातोडीने ठोकून बसवलेली पिटॉनची मेख किंवा छिद्र पाडून कायमचा रोवलेला बोल्ट हा एक, आणि भेगेत अडकवून परत येताना काढून घेता येणारे नट व फ्रेंड हा दुसरा. भरीव काळवथरीच्या सरळ भेगांत दुसऱ्या प्रकाराने काम भागते, आणि मागे कातळावर ओरखडाही राहत नाही. मांजऱ्याच्या भेगा नसलेल्या सपाट भिंतीवर मात्र बोल्टवाचून गत्यंतर नसते. हा भेद ध्यानात ठेवावा. पुढे हक्कांचा विचार करताना तो उपयोगी पडेल.

पाटणादेवीचा परिसर ही कोणा एकाची मिळकत नाही. १९८६ साली घोषित झालेल्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचा तो भाग असून, सुमारे २६० चौरस किलोमीटरांच्या या अभयारण्यात प्रवेश करावयाचा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये वन खात्याचा परवाना लागतो, आणि वन्य प्राण्यांच्या अधिवासाची हानी होईल असे कोणतेही कृत्य दंडनीय ठरते. देवळात नवरात्रात भाविकांची दाटी उसळते; त्यांच्या दृष्टीने हा सारा डोंगर देवीच्या मालकीचा. इतिहासाच्या अभ्यासकाचा हक्क याहून कमी नाही. याच पाटण्याला शके ११२८ चा तो शिलालेख सापडला, ज्यात थोर गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचे आणि निकुंभ वंशातील सोन्हदेवाने त्यास दान दिल्याचे नमूद आहे. कण्हेरगडाच्या अंगावर नागार्जुन कोठी, सीतेची न्हाणी, शृंगारचावडी ही लेणी आहेत. आणि या सर्वांच्याही फार पूर्वीचे असे काही येथील मातीत होते: १९७२-७३ च्या सुमारास पुरातत्त्व खात्याच्या साळी यांनी पाटण्याजवळ केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा, वर आडव्यातिडव्या रेघा कोरलेला तुकडा मिळाला, आणि त्याचा काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा ठरला. ज्या भूमीवर माणसाचा वावर इतका जुना आहे, तेथील कड्याखालचा एखादा ओटा तंबू ठोकण्यासाठी खणणे ही क्षुल्लक बाब राहत नाही.

मुक्या वाटेकऱ्यांचा हिशेब याहूनही कडक आहे. लांब चोचीचे गिधाड झाडावर फारसे घरटे करीत नाही. ते अशाच उभ्या कड्यांच्या कपारींत वर्षाला एकच अंडे घालते. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने गिधाडांचा जो संहार झाला, त्यात या जातीचा फार मोठा भाग नाहीसा झाला. २००६ साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, परंतु वर्षाला एक पिल्लू वाढवणाऱ्या पक्ष्याची संख्या भरून येण्यास पिढ्या लागतात. आता पाहा: या पक्ष्याचा विणीचा हंगाम साधारणतः नोव्हेंबर ते मार्च, आणि प्रस्तरारोहणास खानदेशात योग्य असा काळही हाच! पावसाळ्यात कडे निसरडे, आणि एप्रिल-मे मध्ये पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढल्यावर काळा कातळ हात लावू देत नाही. म्हणजे माणसाला कडा हवा असतो त्याच दिवसांत तो पक्ष्याला हवा असतो. घरट्याशेजारी माणसे आली, आरडाओरडा झाला, की पक्षी अंडे सोडून उडतो; तेवढ्या वेळात ऊन किंवा कावळा आपले काम उरकतो. आग्या मोहोळाचे प्रकरण तर याहून तातडीचे. कड्याच्या पुढे आलेल्या छताखाली ही मोठी पोळी लोंबतात. खालून आलेला धूर, वरून पडलेला दगड किंवा तीव्र वास यांनी माश्या एकदा उठल्या की दोरावर लटकलेल्या माणसाला पळण्यास जागा नसते, आणि खाली देवीच्या दर्शनाला आलेल्या, काहीएक संबंध नसलेल्या बायकामुलांनाही त्या सोडीत नाहीत. येथील आरोहकाच्या चुकीचा दंड दुसऱ्याने भरावा लागतो.

हा प्रश्न केवळ खानदेशापुरताच आहे असे नाही. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या परिसरातील ज्वालामुखीजन्य कातळावर आरोहकांच्या पिढ्या शिकल्या, आणि तेथेही लेणी, बिबटे, पर्यटक व वन खाते या सर्वांशी त्यांना जमवून घ्यावे लागले. स्कॉटलंडमधील एडिंबरा शहराच्या मधोमध होलिरूड नावाचे सार्वजनिक उद्यान आहे. त्यातील सॅलिस्बरी क्रॅग्ज हा कडा म्हणजे जुन्या थरांत घुसून थिजलेला शिलारसच, आपल्या धुळ्याच्या भित्तींचा आडवा भाऊबंद. अठराव्या शतकात जेम्स हटन याने याच कड्याच्या पायथ्याशी, हा खडक वितळलेल्या स्थितीत इतर खडकांत शिरला असला पाहिजे, असे अनुमान काढून आधुनिक भूशास्त्राचा पाया घातला. पुढे रस्त्यांच्या फरसबंदीसाठी हा कडा इतका फोडला गेला की शहराच्या नागरिकांना न्यायासनापुढे जाऊन ते काम थांबवावे लागले. आज त्या उद्यानात आरोहणाला सरसकट मुभा नाही. दक्षिणेकडील एका जुन्या खाणीची भिंत तेवढी त्यासाठी राखून ठेवण्यात आली, आणि तीही परवानगीने.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील वायोमिंग संस्थानाचे आहे आणि पाटण्याशी त्याचे साम्य अधिक आहे. तेथील डेव्हिल्स टॉवर हा पायथ्यापासून ८६७ फूट उंचीचा, सरळ स्तंभांचा अग्निजन्य सुळका १९०६ साली त्या देशाचे पहिले राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाला. आरोहकांना तो स्वर्गासमान. परंतु लाकोटा आणि इतर अनेक आदिवासी जमातींचे ते पवित्र स्थान असून, जून महिन्यात तेथे त्यांची व्रते-अनुष्ठाने चालतात. १९९५ साली उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी सर्व पक्षांना एकत्र बसवून तोडगा काढला: जून महिन्यात आरोहकांनी स्वेच्छेने सुळक्यापासून दूर राहावे, आणि ससाण्यांची घरटी असतील त्या बाजूचे मार्ग विणीच्या दिवसांत बंद ठेवावेत. यावर कोर्टकज्जेही झाले. पण स्वेच्छेची ही व्यवस्था टिकली, आणि बहुसंख्य आरोहक ती पाळतात. मला या प्रकारात विशेष आदरणीय वाटते ते हे की तेथे बंदीच्या हुकमापेक्षा समजुतीवर भिस्त ठेवली गेली. आपल्याकडे हे जमणार नाही असे म्हणणाऱ्यांनी गावच्या देवराया आठवाव्यात. त्या राखण्यासाठी कोणत्याही कचेरीचा शिपाई उभा नव्हता.

तेव्हा खानदेशापुरते माझे मत स्पष्ट आहे. पाटणादेवीचे उंच कडे, पितळखोऱ्याची दरी आणि कण्हेरगडाच्या लेण्यांचा भाग हे आरोहकांनी सोडून द्यावेत. तेथे पाहावे, वाचावे, थरांचा अभ्यास करावा, देवीचे दर्शन घ्यावे. पण दोर टाकू नये, आणि बोल्ट तर मुळीच रोवू नये. या त्यागाच्या मोबदल्यात त्यांना अन्यत्र हक्काची जागा मिळाली पाहिजे, आणि ती देण्याजोगी जागा धुळ्याच्या भित्तींत व जुन्या, सोडून दिलेल्या दगडखाणींत आहे. खाणीची भिंत माणसानेच फोडलेली असल्यामुळे तेथे पुरातत्त्वाचा प्रश्न उरत नाही. गिधाडांना ती पुरेशी उंच नसते. आणि ताजा फोडलेला भरीव खडक नवशिक्याला मांजऱ्यापेक्षा अधिक भरवशाचा असतो, मात्र सुरुंगाने सैल झालेले दगड आधी ठोकून पाडून टाकले पाहिजेत.

अशी जागा निवडताना लळिंगासारख्या ठिकाणीही फुंकून पाऊल टाकावे लागेल. धुळ्याच्या दक्षिणेस महामार्गालगत असलेला लळिंगचा किल्ला फारुकी राजवटीच्या आरंभकाळात तिचे महत्त्वाचे ठाणे होता. त्याच्या परिसरातील कुरण वन खात्याच्या ताब्यात आहे. आणि तेथील लांडोर बंगल्यात १९३७ च्या जुलैअखेर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्कामास होते, म्हणून दर वर्षी ३१ जुलैला तेथे मोठा जनसमुदाय लोटतो. पावसाळ्यात या टेकड्यांच्या उतारांवर मेंढपाळांचे कळप चरतात, आणि वरून सुटलेला एक दगड एखाद्या कुटुंबाच्या वर्षाच्या उत्पन्नावर पडू शकतो. साक्रीकडील ठेलारी मेंढपाळांची या डोंगरांवरील वहिवाट कोणत्याही मंडळाच्या नोंदणीपेक्षा जुनी आहे. जागा ठरवणाऱ्यांच्या बैठकीत त्यांना बोलावले नाही, तर ती बैठक अपुरी समजावी.

जळगाव आणि धुळे येथील गिर्यारोहण मंडळांना, महाविद्यालयांना आणि दोन्ही जिल्ह्यांच्या वनाधिकाऱ्यांना म्हणून कळकळीची विनंती आहे की त्यांनी येत्या हिवाळ्यापूर्वी एकत्र बसावे, एखादा भूशास्त्राचा प्राध्यापक, पक्ष्यांची माहिती असलेला एखादा जाणकार आणि त्या त्या गावची माणसे सोबत घ्यावीत, दोन-तीन भित्ती व खाणी प्रत्यक्ष ठोकून पाहून नक्की कराव्यात, आणि त्यांची हद्द, हंगाम व नियम मराठीत छापून पायथ्याशी लावावेत. तोपर्यंत ज्या तरुणांना धीर धरवत नसेल त्यांनी एखाद्या अनुभवी मंडळात नाव घालावे, डोक्यावर हेल्मेट चढवल्याशिवाय कड्याखाली उभे राहू नये, आणि परवान्याशिवाय अभयारण्यात पाऊल टाकू नये.